भूकंप झाला कुठे?

रात्री कधीतरी लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. फोन चार टक्क्यांवर, वायफाय अर्थातच बंद. साडेपाचला जाग आली, हात सवयीने फोनकडे गेला, मग म्हटलं नको, कुणाचा अर्जंट फोन आला तर तेवढं तरी चार्जिंग असू दे. आणि मग करायचं काय हेच सुचेना, खरंच, दहा मिनिटं नुसती गादीवर बसून होते.

मग बाबांचा ट्रान्झिस्टर आठवला. कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेला, मागचं झाकण हरवल्यामुळे रबरबँड लावलेला, आत सेल कधीचे ते देव जाणे. मीडियम वेव्हवर काही लागेल अशी आशा नव्हती पण लागलं. फक्त रेडिओ खिडकीशी तिरका धरावा लागत होता, सरळ केला की खरखर.

सहाच्या आधी आकाशवाणीची ती धून लागली आणि पोटात काहीतरी हललं. ही धून वॉल्टर कॉफमनची हे मला फार उशिरा कळलं. युरोपातला ज्यू संगीतकार, तिकडे नाझींमुळे जगणं अवघड व्हायला लागलं म्हणून १९३४ ला मुंबईत आला, इथल्या रेडिओत नोकरीला लागला आणि शिवरंजनी रागातली ही धून करून गेला. म्हणजे तिकडच्या बातम्यांपासून पळालेल्या माणसाच्या सुरावर आपण वर्षानुवर्षं बातम्यांसाठी जागे होतोय, हे डोक्यात आलं आणि मग बराच वेळ जाईना.

६:५५ ला संस्कृत. इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्. हे वार्तापत्र १९७४ पासून चालू आहे, आणि आमच्या घरी ते लागलं म्हणजे बाबांनी आंघोळीला जायचं, घड्याळ बघायचं नाही. शाळेतल्या संस्कृतच्या जोरावर मला अजूनही पंतप्रधान, राष्ट्रपती आणि क्रीडा एवढंच कळतं.

मग मराठी बातम्या. कुणीतरी उद्घाटन केलं, यावेळी ते बोलत होते. कुणीतरी प्रतिपादन केलं. रेडिओवर माणसं नुसती बोलत नाहीत बाई, प्रतिपादनच करतात. पण एक आहे, निवेदिकेचा आवाज एकाच पट्टीत. अपघात असो, धरणाचं पाणी असो, क्रिकेट असो. फोनवर प्रत्येक बातमी माझ्यावर ओरडत येते, इथे कुणीच ओरडत नव्हतं आणि त्यामुळेच मी हात थांबवून ऐकत होते.

आठच्या हिंदी समाचार प्रभातमध्ये घोळ झाला. देशाच्या बातम्या संपून जगाच्या सुरू झाल्या, भूकंप, एवढं ऐकलं आणि नेमका आवाज खाली गेला. सेल संपत आले. कान लावला तर 'बचाव दल' ऐकू आलं, 'मलबे में' ऐकू आलं, देशाचं नाव नाही. आणि रेडिओला मागे नेता येत नाही! माझं बोट अक्षरशः त्या काचेवर डावीकडे सरकलं, दहा सेकंद मागे जायला. स्वतःचंच हसू आलं.

आई आतून म्हणाली, "अगं सेल काढून उन्हात ठेव." हे मी विसरलेच होते. खिडकीत तीन सेल ओळीने मांडले, दहा-पंधरा मिनिटांनी परत घातले तर खरंच, जीव आला. पण तोवर सव्वाआठच्या इंग्रजी बातम्या निम्म्याहून जास्त झालेल्या. म्हटलं ठळक बातम्या पुन्हा सांगतील त्यात येईल. सांगितल्या, त्यात भूकंप नव्हता.

दुसरीकडे लावून बघावं तर खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्याकडे परवानगीच नाही, आकाशवाणीच्या घेऊन तशाच्या तशा लावता येतात फक्त. बाबा असते तर म्हणाले असते, बीबीसी लाव. शॉर्टवेव्हवरची हिंदी बीबीसीही जानेवारी २०२० ला बंद झाली.

बाबांचा रेडिओवर विश्वास होता आणि नव्हताही. २२ मार्च १९७९ ची गोष्ट ते दर दोन महिन्यांनी सांगायचे. त्या दिवशी आकाशवाणीने जयप्रकाश नारायण गेले म्हणून सांगितलं, लोकसभेत श्रद्धांजली वाहून झाली, आणि जेपी इकडे मुंबईत जसलोकमध्ये जिवंत! ते गेले त्या वर्षी ८ ऑक्टोबरला. पुढे ३१ ऑक्टोबर १९८४ ला उलटं झालं, इंदिरा गांधी गेल्याचं बीबीसीने आधीच सांगून टाकलं होतं आणि आकाशवाणी मात्र संध्याकाळपर्यंत थांबली. बाबा म्हणायचे, एकदा घाई केली म्हणून पोळले, मग फुंकून फुंकून प्यायला लागले. खरं कारण तेच होतं की नाही कोण जाणे, पण त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या ठाम मतांशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. बातमी आकाशवाणीवर ऐकायची आणि बीबीसीवर पडताळायची, असा नियमच होता घरी.

तर दिवसभर तो भूकंप माझ्या मागे. जागा नाही, आकडा नाही, नुसते ढिगारे आणि कुणीतरी खाली. एरवी नाव, आकडा, फोटो सगळं दहा सेकंदांत कळतं आणि अकराव्या सेकंदाला मी दुसरंच काहीतरी बघत असते. आज भांडी घासतानाही ते बचाव दल डोक्यात होतं, मिळालं का त्यांना कुणी.

अकराला लाईट आली. फोन चार्जिंगला लावला, मेसेज बघितले, दोघातिघांना उत्तरं दिली, कुणाच्यातरी पिल्लाचा व्हिडिओ तीनदा बघितला. भूकंप शोधायचा राहिलाच, आत्ता रात्री हे लिहिताना आठवतंय. फोन हातातच आहे, पण उद्या आठलाच ऐकते, सांगितलं तर. सेल मात्र बदलायला हवेत, तीन लागतात, ड्रॉवरमध्ये दोनच सापडले. तिसरा भिंतीवरच्या घड्याळातला काढते आता.