जीपचं इंजिन: बाजारातलं बसवायचं की आपलंच बांधायचं?

आमची महिंद्राची जीप, एमएम ५४०, कसारा घाटात पांढरा धूर टाकायला लागली, ऑइल पण प्यायला लागली, तेव्हाच कळलं की आता इंजिनला हात घालावा लागणार. अमेरिकेत म्हणे नवंकोरं इंजिन लाकडी खोक्यात बंद होऊन येतं, उघडा आणि बसवा. आपल्याकडे जुन्या गाडीला 'स्वस्त आणि मस्त' म्हणजे भंगारवाल्याकडचं धुऊन रंगवलेलं इंजिन, ज्याच्या आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रीने सरळ सांगितलं, "भाऊ, ह्या रंगावर जाऊ नका." आमचं इंजिन प्यूजोचं २११२ सीसी डिझेल, त्यात वेट लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती बदलता येणारी नळी, बाहेरून थेट पाणी लागणारी, त्यामुळे ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) बोअर करायची, म्हणजे आतून कोरायची, गरजच नाही, लायनर-पिस्टनचा किट बदलला की सिलिंडर नवे. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) मोजून घासायचा, घासून बारीक झालेल्या क्रँकला बसतील अशा ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंग टाकायच्या, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, फेस (सपाट) करून व्हॉल्व्ह बसवायचे, आणि हो, डिझेल फवारणारे पंप-नोझल तपासायलाच हवेत, तिथे कंजूषी केली की सगळं मुसळ केरात. खर्च जास्त, पंधरा दिवस गाडी उभी, बायको रोज विचारणार ते वेगळंच.

पण दुसरं इंजिन घेतलं तर इंजिन नंबर बदलतो, मग आरसीवर नोंद करायला आरटीओच्या चकरा, आणि विकणाऱ्याकडे इंजिनचे कागद नसले तर झालंच कल्याण. मी बांधायलाच टाकलं. ब्लॉकला तडा निघाला असता तर मात्र भंगारवाल्याकडेच गेलो असतो, खोटं कशाला बोलू.