तुम्ही विचारलंत म्हणून: आरटीईत फुकट शिकतात, मग रडगाणं कशाचं?

स्टाफरूम असो की लग्नाची पंगत, प्रश्न ठरलेला: "२५ टक्के जागा दिल्यात, मोठ्या शाळेत फुकट शिकतात, अजून काय पाहिजे यांना?" आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा: खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित गटांतल्या मुलांना, प्रवेश लॉटरीने. एकदाच नीट सांगते.

फुकट असते ती फी. तिथवर पोचायला कागद लागतात. आमच्या नाशिकमध्ये अंबडच्या कंपनीत ठेकेदाराकडे राबणारा माणूस सिडकोत भाड्याच्या खोलीत राहतो. त्याला नोंदणीकृत भाडेकरार हवा. स्टॅम्पपेपरवर नुसता लिहून घेतलेला चालत नाही, आणि घरमालक घरपट्टीच्या भीतीने नोंदणीला तयार नसतो. खुल्या प्रवर्गातला असेल तर वर्षाला १ लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला. महिन्याला ८,३३३ रुपये! ठेकेदाराने कायद्याप्रमाणे किमान वेतन दिलं, तर हा गडी अटीबाहेर. वंचित गटाला (अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) उत्पन्नाची अट नाही, कबूल. पण परराज्यातला जातीचा दाखला चालत नाही, हेही लक्षात घ्या. शेवटी ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण. सायबर कॅफेवाला ती घाईत दोन गल्ल्या पुढे टेकवतो, लॉटरी लागते आणि पडताळणीत प्रवेश रद्द.

"ऑनलाइन झालं, वशिला संपला," असं मीही ठासून सांगायचे. वशिला घटला, हे आजही म्हणेन. पण चाळण गेली नाही.

आणि २०२४ कसं विसरता? फेब्रुवारीत नियम बदलला: १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. नाशिक शहरात अशी शाळा जवळ नाही, असा कोपरा शोधून दाखवा. पालकांना अर्जात दिसू लागल्या त्या बहुतेक महापालिकेच्या शाळा, जिथे प्रवेशाला लॉटरी कधी लागलीच नव्हती. मे महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगिती, पुन्हा नव्याने अर्ज, १९ जुलैला बदल रद्द. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. पण शाळा जूनच्या मध्यालाच सुरू झालेल्या. बाकीची पोरं ए-बी-सी सोडून शब्द जोडायला लागली, तेव्हा ही आरटीईची पोरं दारात उभी. घरी अहिराणी किंवा हिंदी, वर्गात इंग्रजी. पहिल्या चाचणीत मागे पडली की शेरा तयार: "आरटीईची मुलं कच्चीच." कच्ची कशाची? महिना-दीड महिना उशिरा आली, आणि तो अभ्यास कुणी भरून काढला नाही.

शाळांचीही बाजू आहे, लपवत नाही. सरकारची प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या फीपोटी शाळेला मिळणारी रक्कम, मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेली, तीही थकते. गंगापूर रोडच्या महागड्या शाळांच्या फीपुढे ती चिल्लरच. पण थकबाकी सरकारकडे मागा ना! गणवेश, पुस्तकं, 'अ‍ॅक्टिव्हिटी'च्या नावाने पालकाच्या खिशात हात कशाला?

"महापालिकेच्या शाळा सुधारा, हे सगळं लागणारच नाही," असंही ऐकवतात. सुधारा की, कोण अडवतंय? तोवर या २५ टक्क्यांवरचा हक्क सोडायचा नाही. फक्त आठवीनंतर सवलत संपते. नववीची पूर्ण फी भरा, नाहीतर मराठी माध्यमात विज्ञानाचा शब्दन्‌शब्द नव्याने शिका. त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही.