नेपाळमधला चाळिशीच्या चष्म्यांचा दिवस

बेळगाव-खानापूरकडच्या ख्रिस्ती मंडळीतून नेपाळला सेवेला जाणार असाल, तर पहिलं ध्यानात ठेवा: तिथे उपासना शनिवारी असते. चष्म्यांचं काम दुसऱ्या दिवशी ठेवा. फलक देवनागरीत असल्याने वाचता येतात, पण बोलायला तिथलाच माणूस हवा.

नंबर काढताना अक्षरांचा तक्ता डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरायचा. त्याला तेवढीच दोरी बांधा, नाहीतर माणूस नकळत हात लांब करतो आणि नंबर चुकतो. सुरुवात +१.०० नंबरच्या चष्म्यापासून. स्पष्ट दिसणारा सगळ्यात कमी नंबर, तोच खरा. जास्तीचा दिला तर सुई नाकाशी आणावी लागते, डोकं दुखतं आणि चष्मा फडताळात पडून राहतो. अक्षरओळख नसलेल्या आजींना सुपातले तांदूळ निवडायला द्या. बारीक खडा चिमटीत आला की त्यांचा चेहराच उजळतो.

बाहुली पांढुरकी दिसली तर मोतीबिंदू असू शकतो. तिथे चष्मा नको, डॉक्टरांकडेच पाठवा.

टेबलावर धर्मप्रचाराची पत्रकं अजिबात ठेवू नका. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई करतं. आपण परत येतो, झळ तिथल्या विश्वासणाऱ्यांना बसते. प्रार्थना सकाळीच, आपापसात करा.