गल्लीतल्या घरात पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप: आवाज खाली, टोन शाबूत

घरी बांधलेला गिटारचा अँप, सर्किट फेंडर चँप ५एफ१ चं. व्हॉल्व्ह तीन: सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, पॉवरला एक ६व्ही६जीटी, रेक्टिफायरला ५वाय३. स्पीकर आठ इंची, ८ ओहमचा, एका वॅटला एक मीटरवर ९५ डेसिबल देणारा. ॲल्युमिनियमची चासी बेळगावच्या उद्यमबागेत पत्रा वाकवून केलेली. अँप वाजतो आणि फुल्ल केला की सुंदर वाजतो. या टप्प्यातलं काम फक्त घरातल्या आवाजाचं.

पाच वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण हा स्पीकर पाच वॅटवर एक मीटर अंतरावर १०२ डेसिबल देतो. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत दोन घरांत एकच भिंत असते. रात्री तिथे ७५-८० डेसिबलच्या वर जाणं बरं नव्हे. म्हणजे पंचवीसेक डेसिबल जिरवायचे. पाच वॅटऐवजी अर्ध्या वॅटचा अँप बांधला तरी १० डेसिबलच उतरतात. तेव्हा वॅट मोजत बसण्यापेक्षा आवाज साखळीत कुठे उतरवायचा ते ठरवणं महत्त्वाचं. व्हॉल्यूम एकवर आणला की आवाज पहिल्या ट्रायोडनंतरच उतरतो (१२एएक्स७ मधे असे दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे भाग असतात), ६व्ही६ च्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत जातो त्या टोकावर, काहीच पोचत नाही, आणि ज्या गोष्टीसाठी व्हॉल्व्ह लावले तीच हरवते.

पहिला उपाय एल-पॅड, म्हणजे अँप आणि स्पीकर यांच्या मधे पॉवर जिरवणारे रेझिस्टन्स. ८ ओहमवर १२ डेसिबल उतरवायला सिरीजमधे ६ ओहम आणि स्पीकरला समांतर २.७ ओहम लागतो. ६ ओहम एकाच रेझिस्टन्सचा घेऊ नका; १२ ओहम १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टन्स समांतर जोडा. अँपला दिसणारा भार ८ ओहमच राहतो. दोन घेण्याचं कारण नीट लक्षात ठेवा. सिरीजमधला एकटा रेझिस्टन्स उडाला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भारच राहत नाही, प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंग किंवा सॉकेट जळतं. दोघांपैकी एक उडाला तर भार १४ ओहम होतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. स्पीकरची पिन निसटली तरी ८.७ ओहम शिल्लक राहतातच. २.७ चा रेझिस्टन्सही १० वॅटचा घ्या. साध्या हिशेबात त्याच्यावर एक वॅटसुद्धा येत नाही, पण जोरात क्लिप झालेल्या (लाटेची टोकं कापली गेलेल्या) अँपची पॉवर साफ आवाजाच्या जवळपास दुप्पट होऊ शकते. पॅडच्या डबीला भोकं पाडा, सिमेंटचे रेझिस्टन्स चांगलेच तापतात.

एल-पॅडचा तोटाही आहे. स्पीकरला मागे जेमतेम दोन-अडीच ओहम दिसतात, त्याचा स्वतःचा उठाव दबतो, वरची धारही बोथट होते. सिरीजच्या जोडीवर ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर समांतर टाकला की साधारण साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचं थोडं परत येतं. याहून मोठा नको, वरच्या पट्टीत भार फार खाली जातो.

दुसरा असाच पॅड पुढे जोडला तर हिशेबाने ७८ डेसिबल येतात, पण टोन कोरडा पडतो. त्याऐवजी उरलेलं मास्टरवर, म्हणजे ६व्ही६ च्या आधी लावलेल्या दुसऱ्या व्हॉल्यूमवर, घेतलेलं कानाला जास्त पटतं. ६व्ही६ च्या ग्रिडचा २२० के (किलोओहम) रेझिस्टन्स काढून तिथे २५० के लॉग पॉट: वरचं टोक कपलिंग कपॅसिटरला, खालचं ग्राउंडला, मधलं ग्रिडला, म्हणजे पिन ५ ला. पिन ५ पासून ग्राउंडला ४७० के कायमचा ठेवा. पॉटच्या मधल्या टोकाचा संपर्क सुटला आणि हा नसला, तर ग्रिड लोंबकळते, बायस (व्हॉल्व्हचा करंट आवरणारं ग्रिडचं व्होल्टेज) जातो आणि प्लेट लाल होते. मास्टर फीडबॅकच्या (स्पीकरकडून दुसऱ्या ट्रायोडकडे परत जाणाऱ्या सिग्नलच्या) फेऱ्यात येतो, म्हणून तो जसा खाली आणाल तसा फीडबॅक घटतो आणि दुसरा ट्रायोड खरखरीत होत जातो. रात्रीसाठी एक पॅड आणि मास्टर तिसऱ्या हिश्श्यावर, दिवसा नुसता पॅड: आत्ता हीच जुळणी सगळ्यांत बरी आहे.

कमी आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मधेच मोजून दाखवलं. मागून उघडी पेटी भिंतीपासून दहा ते पन्नास सेंटिमीटरमधे सरकवून पाहा, फरक स्पष्ट आहे. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर मात्र पेटीखाली जाड रबर हवाच.

विजेचं थोडं. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा आणि घरात रात्री २४५ आले, तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात. मर्यादा साधारण ६.९. चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात पंप चालू असताना उलटं, दोनशेच्या आसपास. घेताना २४० चा टॅप असलेलाच घ्या. आवाज कमी करायला डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मेन्स उतरवू नका, बी-प्लसबरोबर (प्लेटच्या उच्च व्होल्टेजबरोबर) हीटरही थंड पडतो. ६व्ही६ च्या कॅथोडच्या ४७० ओहमवर २० व्होल्ट आणि प्लेटवर ३३० असतील तर ६व्ही६ साडेबारा वॅट जिरवते, हद्द बाराची. त्या ४७० च्या जागी ५६० ओहम घाला आणि पुन्हा मोजा.

अँप उघडण्याआधी प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर १० के ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून रिकामे करा आणि मीटरवर १० व्होल्टच्या खाली आलेले बघा. जुन्या घरात तिसऱ्या पिनला अर्थिंग खरंच आहे का तेही तपासा: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट.

खानापूरकडच्या पावसात सॉकेट आणि पॉट ओल धरतात, खरखर सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या, मगच चालू करा.

पुढचं काम: १२एएक्स७ च्या जागी १२एवाय७. गेन निम्म्याहून कमी होईल, व्हॉल्यूमच्या एक आणि दोनमधली उडी कमी व्हावी. मास्टरची जागा त्यानंतर पुन्हा ठरवायची.