एवढंसं तर बेट

भूमध्य समुद्रातल्या माल्टा देशाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि नवऱ्यानं त्याच्यावर चहाचा कप ठेवला. कप उचलला तर कोमिनो नावाचं अख्खं बेट ओल्या गोलात बुडालेलं. "बघ, एवढंसं तर आहे," तो म्हणाला. "चार दिवस जास्तच होतील."

तसं खरंच छोटं. सगळी बेटं धरून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. सांगलीला आईला फोनवर हे कौतुकानं सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "नदी कुठली?" कृष्णाकाठी जन्म गेला, गाव म्हटलं की तिला नदी लागते. म्हटलं, नदीच नाही. बारमाही वाहणारी एकही नाही. नळाला जे येतं त्यातलं बरंचसं समुद्राचंच पाणी, मीठ काढून गोड केलेलं. पलीकडे शांतता. मग, "बाटल्या घेऊन जा घरून." फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्या बाटल्यांचं काय होईल, ते सांगायच्या भानगडीत मी पडले नाही.

गुरुवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत. कागदावर चार रकाने आखले आणि पहिल्या संध्याकाळीच ते भरून वाहायला लागले.

सगळ्यात आधी हायपोजियम. जमिनीखाली खडकात कोरून काढलेली पाच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी. १९०२ साली घरं बांधताना पाण्याची टाकी खोदत होते, तेव्हा ती अचानक लागली. आतल्या छतावर गेरूनं काढलेली नक्षी अजून आहे आणि माणसांच्या श्वासानं ती खराब होते, म्हणून तासाला फक्त दहा जणांना सोडतात. मी बुकिंगचं कॅलेंडर उघडलं. आमच्या चारही तारखा करड्या. तत्काळ तिकिटं काढलेल्या माणसाची जिद्द अशी सुटत नाही. तीन रात्री मी पान रिफ्रेश करत बसले, कुणीतरी रद्द करेल म्हणून. कुणी केलं नाही. त्या दहा जणांचा मला अजून राग आहे.

मग कळलं की नकाशा फसवतो. राजधानी व्हॅलेटाहून गोझो या शेजारच्या बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का पंचवीसेक किलोमीटर, पण बसला तासाहून जास्त लागतो. पुढे फेरीची पंचवीस मिनिटं वेगळीच. नवरा म्हणाला, गाडी भाड्यानं घेऊ. ब्रिटिश १९६४ पर्यंत होते, त्यामुळे तिथे अजून डावीकडून चालवतात, प्लगही तीन पिनांचे. "डावीकडून काय, पुण्यात शिकलोय मी." पुण्यात हा डावीकडून चालवायचा असं मला तरी आठवत नाही. बसच ठरली.

गोझोच्या मोठ्या फेरीचं तर नवलच. जाताना तिकीट कुणी विचारत नाही, पैसे परतीच्या वेळी घेतात. अभिमन्यूला आत जायचं माहीत होतं, बाहेर पडायचं नव्हतं. इथे बाहेर पडायचा रस्ता आहे, फक्त त्याचे पैसे पडतात.

गोझोचं खरं नाव मात्र लेकीनं शोधून काढलं. तिथली माणसं आपल्या बेटाला 'आऊदेश' म्हणतात. ती नऊ वर्षांची आहे आणि एवढ्यावरच तिनं बेट मराठी ठरवून टाकलं. माल्टी भाषेचं मूळ अरबी, लिपी रोमन. लोक बहुतेक कॅथलिक, पण देवाला 'अल्ला' म्हणतात. पुस्तक म्हणजे 'क्तीब', जग म्हणजे 'दिन्या'. "आई, किताब आणि दुनिया!" असं ती दिवसभर ओरडत होती. प्रवासाला अजून पाच आठवडे होते.

एक मैत्रीण २०१४ मध्ये जाऊन आलेली. तिनं फोटो पाठवला. समुद्रात उभी दगडाची प्रचंड कमान, 'अझ्युअर विंडो', समोर ती टोपी धरून. "बाकी काही राहिलं तरी चालेल, ही खिडकी बघाच." ती खिडकी ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली. यादीतली ही एवढी एकच गोष्ट आपणहून गळली. बाकी प्रत्येकीसाठी भांडावं लागलं.

उदाहरणार्थ कारावाज्जो. खून करून रोमहून पळालेला हा चित्रकार माल्टात आला, १६०८ मध्ये सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र काढलं आणि मग तुरुंग फोडून इथूनही पळाला. त्यानं सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही कुठे, तर जॉनच्या गळ्यातून वाहणाऱ्या रक्तात. ते मला बघायचंच होतं. पण ते ज्या कॅथीड्रलमध्ये आहे ते रविवारी पर्यटकांना बंद. आणि मार्साशलोकचा मासळीबाजार, जिथे निळ्या-पिवळ्या होड्यांच्या नाळेवर डोळे रंगवलेले असतात, तो भरतो रविवारी. शुक्रवारी गोझो. म्हणजे कारावाज्जो शनिवारी. शनिवारी सकाळी लेकीला पोहायचंय.

शेवटी मी खोडरबर घेतलं. शनिवार संध्याकाळच्या चौकोनातली तीन ठिकाणं पुसली आणि लिहिलं, 'बागेत बसणे'. व्हॅलेटात तटावर एक बाग आहे, खाली सगळं बंदर दिसतं. नवऱ्यानं कागद वाचला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "याचं बुकिंग लागतं का?"

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. पाण्यानं तिची पाठ सोडली नव्हती. "ते मीठ काढलेलं पाणी म्हणालीस ना, त्याचा चहा कसा लागतो तेवढं बघून ये." मी शोधलं. पास्टिझी म्हणून रिकोटा चीज नाहीतर वाटाणा भरलेल्या पापुद्र्यांच्या करंज्या असतात, त्यांच्या टपरीवजा दुकानांत चहा मिळतो. दुधाचा, आणि काचेच्या ग्लासात.

गुरुवारच्या रकान्यात जागा नव्हतीच. मी समासात लिहिलं: 'उतरल्यावर आधी चहा. आईला फोन.'