कोम, भ्रतार, सौ.: बायकांची नावं कागदात कुठे लपतात

२ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिर सत्याग्रहाची मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसं, त्यात पाचशेच्या आसपास बायका. दुसऱ्या दिवशी देवळाच्या चारी दरवाजांवर पहिली तुकडी बसली: १२५ पुरुष, २५ बायका. कुणीतरी मोजून लिहिलेला आकडा आहे हा. पण त्या पंचवीस जणींची नावं विचारा, गाडी तिथेच अडते. बाबासाहेबांनंतर दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे ही नावं पटापट येतात, पुढे शांतता.

बायकांची नावं लिहिलीच गेली नाहीत, असं म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धंच खरं आहे. पुष्कळ नावं लिहिली गेलीत, पण आपण जिथे शोधतो तिथे ती नसतात.

जुन्या मुंबई इलाख्याच्या कागदात पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’, म्हणजे तमक्याची बायको. ‘सखूबाई कोम तुकाराम’ एवढीच नोंद असते, आडनाव नाहीच. आडनावाच्या सूचीत ती सापडणार कशी? इंग्रजी कागदात आणखी गंमत. कारकुनाने ‘बाई’ आधी लिहिली की ती ‘ब’मध्ये जाते, आणि लक्ष्मीबाईचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होतं. कोम हा शब्द ठाऊक नसलेला माणूस तर ते तिचं मधलं नाव समजतो. यावर उपाय एकच: नवऱ्याचं नाव, गाव आणि साल घेऊन शोधायचं, बाईचं नाव शेवटी जुळवायचं. नावाआधीची अक्षरंही सोडू नका. एका कागदात ‘सौ.’ आणि पुढच्यात ‘गं. भा.’ असेल, तर मधल्या काळात नवरा गेला. दोन वेगळ्या बायका समजून दोन नोंदी करू नका.

दिल्लीच्या छापील कागदांतही हेच होतं. संविधान सभेत १५ स्त्रिया होत्या. त्यातल्या दुर्गाबाई देशमुखांना सभेच्या चर्चांच्या खंडांत ‘देशमुख’ म्हणून शोधाल तर हात हलवत परत याल. चिंतामणराव देशमुखांशी त्यांचं लग्न १९५३ सालचं. चर्चा १९४६ ते १९५० च्या, तिथे त्या ‘श्रीमती जी. दुर्गाबाई’ आहेत. त्या नावाने उघडा, मग पानोपानी भेटतात. राज्यसभेच्या सदस्याचं किमान वय ३५ वरून ३० वर आणणारी दुरुस्ती त्यांचीच. मुंबई इलाख्यातून गेलेल्या हंसा मेहतांचं असं होत नाही, कारण लग्न १९२४ चं, आडनाव तेव्हाच बदललेलं. त्यांना शोधताना १९ डिसेंबर १९४६ चं भाषण आधी काढा. राखीव जागा नकोत, न्याय हवा, असं त्यांनी तिथे सरळ मांडलंय.

आता सगळ्यात मोठी चाळणी, स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन. केंद्राची योजना १९७२ ची, १९८० मध्ये ती सैल झाली. साधी अट सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. सवलत चांगलीच. पण पिकेटिंग, म्हणजे दुकानांपुढे उभं राहून गिऱ्हाइकं अडवणं, करणाऱ्या कित्येकींना दंड झाला किंवा काही आठवड्यांची कैद, त्या तीन महिन्यांतही बसत नाहीत. भूमिगत म्हणून मान्यता हवी तर फरारी जाहीर झाल्याचा, बक्षीस लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा पुरावा द्यायचा. आता जिने माजघरात माणूस लपवला, तिच्यावर हुकूम कसा निघेल? पोलिसांना कळलं नाही हेच तर तिचं काम! म्हणून पेन्शनच्या यादीत नाव नाही म्हणजे सहभाग नाही, असा निष्कर्ष काढू नये. यादी पैशांसाठी झाली होती.

यादीबाहेरच्या बायकांसाठी दोन जागा. मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या ‘स्पेशल’ फायली आहेत. त्यात सभांचे पोलीस अहवाल सापडतात, भाषण करणाऱ्या बाईचं नाव तिथे येऊ शकतं. दुसरी जागा घरातली माणसं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी प्रत्यक्ष भेटून बोलतं केलं नसतं, तर १९८९ चं त्यांचं पुस्तक झालं नसतं, आणि आज त्या बायका विचारायला नाहीत. आता लेकी-सुनांनाच विचारावं लागतं, त्याही ऐंशीच्या पुढच्या.

विचारताना “आजी चळवळीत होत्या का?” असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: “छे, ते होते, आई घरीच असायची.” त्याऐवजी विचारा, रात्री परकी माणसं जेवायला यायची का, किती जणांच्या भाकरी व्हायच्या, जास्तीची ज्वारी-बाजरी कुठून यायची, पत्रकं कशात ठेवायची, निरोप घेऊन कोण जायचं. डब्यात पिठाखाली, उतरंडीच्या तळच्या मडक्यात, अशी उत्तरं आली की समजा धागा लागला. सन कुणाला आठवत नाही. नाशकात सिंहस्थाचा खुंटा धरा: १९३२-३३ आणि १९४४-४५. “सिंहस्थाच्या आधी की नंतर?” याचं उत्तर बहुधा मिळतं.

उलटही सावध राहा. आमच्या आजीने गांधीजींना पाणी दिलं, ही गोष्ट फार घरांत असते. गाव, वर्ष आणि घराबाहेरचा एक साक्षीदार, तिन्ही जुळेपर्यंत ती पेन्सिलनेच लिहा.

प्रत्येकीचं एक कार्ड करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, हाकेचं नाव, वडील, नवरा, दोन्ही गावं. हाकेचं नाव विसरू नका. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांच्या पत्नीचं नाव यशोदा. नाशकात बायकांचा आत्मनिष्ठ युवती संघ उभा केला तो यांनी. नवऱ्याची सुटका न बघता १९१९ मध्ये त्या गेल्या. पण कुणाही जाणत्या नाशिककराला ‘यशोदाबाई सावरकर’ म्हणून विचारा, तो क्षणभर थांबेल. ‘येसूवहिनी’ म्हणा, लगेच ओळखेल.