निर्दोष ठरल्यानंतरही उरणारे गुन्हे

खोट्या आरोपात अडकलेला माणूस कोठडीतून पळतो, कुणाची तरी गाडी पळवतो, कुलूप फोडून कागदपत्रे मिळवतो आणि अखेर खऱ्या गुन्हेगाराला समोर आणतो. अशा कथांत शेवटी त्याला सारे माफ होते. कायदा मात्र प्रत्येक कृत्याचा हिशेब वेगळा मांडतो. मूळ आरोपातून सुटका झाली, तरी वाटेत केलेली चोरी, घरफोडी किंवा मारहाण हे स्वतंत्र गुन्हेच राहतात.

अपरिहार्यतेचा बचाव, म्हणजे मोठे संकट टाळण्यासाठी गुन्हा करणे भागच पडले असा युक्तिवाद, घेता येतो, परंतु त्यासाठी सामान्यतः संकट तातडीचे असावे लागते आणि दुसरा कायदेशीर मार्ग उरलेला नसावा लागतो. अपिलाचा मार्ग खुला असताना, तो कितीही संथ असला (आणि तो संथ असतोच), तरी न्यायालये हा बचाव सहसा मानत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बेली खटल्यात असे ठरवले की, असा बचाव घेणाऱ्या पळालेल्या कैद्याने धोका टळताच शरण येण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचे दाखवले पाहिजे. जर्मनीत कैद्याने स्वतः पळून जाणे हा गुन्हाच नाही. मात्र पळताना पहारेकऱ्याला इजा केल्यास शिक्षा होते.

मला ही कठोरता पटते, कारण ज्याची गाडी गेली त्याचा त्या खोट्या आरोपाशी काहीच संबंध नसतो. सहानुभूतीला जागा आहे ती शिक्षेचे प्रमाण ठरवताना, किंवा खटला भरायचा की नाही हे सरकारी पक्ष ठरवतो तेव्हा.